तीन किलोचा हुक

सुरक्षिततेचे संस्कार लहानपणीच करावेत, कारण मोठ्या माणसांवर ते करून काही उपयोग होत नाही, हे आता सगळ्या जगाने मान्य केलं आहे. माझ्यापुरता त्याचा पुरावा माझ्याजवळ तारखेसकट आहे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी, बालवाडीसमोर गाड्या लावतात तिथे, मर्ल टिकनर मला म्हणाल्या होत्या, "हेडी, पोरगी छान बांधलीयेस गं. पण गाडीतली तिची खुर्चीच डुलतेय बघ. एकदा धरून हलवून बघ तिला."

मी म्हटलं, "बघते हं, मर्लबाई."

(मर्लबाईंनी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. मी विद्यापीठात जनआरोग्य शिकले आहे आणि लहान मुलांसाठी गाडीत बसवायच्या खुर्च्यांवरच्या अकरा पुस्तिका वाचल्या आहेत, त्यातल्या दोन तर पेन्सिल हातात घेऊन. तेव्हा कोणी कोणाचं ऐकायचं हे उघडच होतं.)

माझी मुलगी विनी चार वर्षांची आहे. तिच्या काळजीत मी कुठे कमी पडते असं कुणी म्हणून दाखवावं. द्राक्षाचे उभे चार तुकडे केल्याशिवाय मी ते तिच्या ताटलीत ठेवत नाही. टोपीशिवाय तिला उन्हात सोडत नाही. जानेवारीत समुद्रावरून येताना तिने स्ट्रॉबेरीचं दूध खुर्चीभर ओकलं, तेव्हा खुर्ची मीच गाडीतून काढली, मीच धुतली आणि मीच परत बसवली. असली कामं मी नवऱ्यावर सोपवत नाही. खुर्चीबरोबर आलेली सूचनांची पुस्तिका खराब होऊ नये म्हणून मी ती अजून मूळ प्लॅस्टिकच्या पाकिटातच ठेवली आहे. (वरच्या अकरांत ही धरलेली नाही.)

अशा पालकांची बालवाडीला गरज असतेच. मे महिन्यात आमच्या बालवाडीने 'पट्टा सप्ताह' साजरा करायचं ठरवलं, तेव्हा समितीची सचिव म्हणून माझी एकमताने निवड झाली. (मतदान मुलांना आणायच्या वेळी झालं. हजर पालक : एक.)

समितीच्या सात बैठका झाल्या. पहिल्या तीन कार्यक्रमाचा प्राणी कोणता असावा यावर गेल्या. कोआला बाद झाला, कारण तो दिवसातले वीस तास झोपतो आणि चालकाने झोपू नये हाही संदेश आपल्याला द्यायचा आहे. कांगारूचं नाव पुढे येताच मुख्याध्यापिका कार्ला पॅडुला म्हणाल्या, "स्वतःचं पोर पिशवीत घालून विनापट्टा उड्या मारणारा प्राणी? मुलांसमोर?" कांगारूही बाद झाला. शेवटी वॉम्बॅट ठरला, म्हणजे अस्वलाच्या पिल्लासारखा दिसणारा, बिळात राहणारा आणि पोटाला पिशवी असलेला प्राणी. वॉम्बॅटच्या पिशवीचं तोंड मागच्या बाजूला असतं आणि तान्ही बाळं गाडीत मागे तोंड करूनच बसवायची असतात. निसर्गाने नियमावली आपल्या आधीच वाचली आहे, हे पाहून आम्हा सर्वांना गहिवरून आलं. वॉम्बॅटच्या पोशाखात कोण शिरणार, तर जुळ्यांचे वडील स्टॅव्ह. ते प्लंबर असल्यामुळे अंधाऱ्या, अरुंद जागेची त्यांना सवय होती.

चौथ्या बैठकीत विम्याचा प्रश्न आला. शिक्षिकेने एखाद्या पालकाच्या गाडीतली खुर्ची तपासली आणि पुढे काही झालं, तर जबाबदार कोण? न तपासता काही झालं तर मात्र कुणीच जबाबदार नाही. तेव्हा मुलांच्या सुरक्षिततेसाठी असं ठरलं की सप्ताहात कुणीही कुठल्याही खुर्चीला हात लावायचा नाही. शिक्षण वर्गातच द्यायचं. त्यासाठी लाकडी खुर्च्या रांगेत मांडून त्यांना ड्रेसिंग गाऊनचे पट्टे बांधण्यात आले.

अडचण एकच होती. मर्लबाई. त्या शनिवारच्या खेळांच्या वेळी मुलांसाठी संत्री कापायला येतात, आणि जाता जाता उघड्या दिसलेल्या गाडीत हात घालून खुर्ची गदागदा हलवतात. एका खुर्चीला त्यांनी गुडघाही लावला होता. त्यांच्याकडे कुठलंच प्रमाणपत्र नाही. समितीने त्यांना पत्र पाठवलं : आपल्या उत्साहाची आम्ही कदर करतो, तथापि यापुढे आपण संत्र्यांपुरतंच लक्ष घालावं. मसुदा माझा होता. 'तथापि'सुद्धा माझाच.

मर्लबाईंनी पत्र वाचून घडी घातली आणि खिशात ठेवलं. "अक्षर सुंदर आहे गं तुझं," एवढंच म्हणाल्या.

सप्ताह अपेक्षेपेक्षा यशस्वी झाला. आकडेच बोलतात :

स्वतःचा पट्टा लावता येणारी मुलं : सोमवारी चौदा, शुक्रवारी बावीसपैकी बावीस.
पट्टा लावलेली खेळण्यातली अस्वलं : सत्तेचाळीस.
पट्टा लावलेले इतर : एक कासव (जिवंत), एक आजी (नाइलाजाने).
वाटलेली प्रशस्तिपत्रं : बावीस, शिवाय कासवाला एक.
हलवून पाहिलेल्या खुर्च्या : तक्त्यात हा रकाना नव्हता. तक्ता मी केला होता.

मुलांवर संस्कार इतका खोल झाला की घरोघरी वाहतूक ठप्प झाली. विनी पावाच्या पाकिटाला पट्टा लावल्याशिवाय मला गाडी सुरू करू देईना. कलिंगडाला तर तिने मधली जागा दिली, कारण ती सगळ्यात सुरक्षित असते असं वॉम्बॅटने सांगितलं होतं. माझे वडील त्यांच्या सफरचंदाच्या बागेत पिकअप फिरवतात आणि तिथे त्यांना पट्टा लावायला आजवर पंतप्रधानसुद्धा सांगू शकले नसते. विनीने हाताची घडी घातली.

"पॉप, पट्टा."

"अगं, ही माझीच बाग आहे. रस्ता थोडाच आहे हा!"

"पण झाडांना माहीत नाहीये ते, पॉप."

वडिलांनी पट्टा लावला. मी ते चित्रित करून समितीच्या गटावर टाकलं. एकोणतीस टाळ्या आल्या. मर्लबाई त्या गटात नाहीत.

शुक्रवारी समारोप होता. सगळ्या गाड्या रांगेने बालवाडीसमोरून सावकाश न्यायच्या, प्रत्येक मुलाने आपला पट्टा लावून दाखवायचा, 'क्लिक' असं ओरडायचं, वॉम्बॅटने हात हलवायचा. एका बाजूला सॉसेज भाजली जात होती, दुसऱ्या बाजूला मर्लबाई संत्री कापत होत्या, खाली मान घालून, पत्रात ठरल्याप्रमाणे. माझी गाडी चौथी. विनीने पट्टा लावला, घट्ट ओढला, दोन बोटं आत घालून तपासला आणि ओरडली, "क्लिक!" इतका निर्दोष क्लिक त्या दिवशी दुसरा झाला नाही. माझे डोळे भरून आले.

वॉम्बॅटच्या पोशाखातून फक्त तोंडाच्या भोकातून दिसतं, आणि दिसतात ते स्वतःचेच गुडघे. त्यामुळे स्टॅव्ह हात हलवत हलवत पाठमोरे माझ्या गाडीसमोर आले. मी ब्रेक दाबला. गाडीचा वेग चालत्या माणसाएवढा असेल. घाईत चालणाऱ्याएवढा म्हणा.

मागून कट्कन आवाज आला.

आरशात पाहिलं तर विनी नव्हती. मान वळवली. खुर्ची माझ्या सीटच्या पाठीवर ओणवी पडली होती आणि तिच्यात विनी होती, खांद्यावर पट्टे, छातीवर पट्टा, सगळं पुस्तकात दाखवतात तस्सं. नाक माझ्या सीटच्या कापडाला टेकलेलं.

"मम," ती म्हणाली, "मी नीट बसलेय हां. खुर्चीच आली पुढे."

मला दार उघडता येईना. म्हणजे दाराला कुलूप नव्हतं. माझा हात त्याच्यापर्यंत जात नव्हता. ते मर्लबाईंनी उघडलं. हातातली सुरी कधी ठेवली कुणास ठाऊक, बोटांना संत्र्याचा वास होता. त्यांनी विनीला बाहेर काढून माझ्या कुशीत दिलं आणि गाडीच्या मागचं झाकण वर केलं. खुर्चीच्या पाठीमागून एक पट्टा येतो, तो त्यांनी ओढून काढला. त्याच्या टोकाला प्लॅस्टिकचा तुटका हुक लोंबत होता.

"पोरी, हा भाजीच्या पिशव्या अडकवायचा हुक आहे."

मी विनीला घेऊन जवळ गेले.

"लिहिलंयसुद्धा त्याच्यावर. बघ. तीन किलो."

विनी सतरा किलोची आहे. तिच्या वजनाचा आलेख आमच्या फ्रिजवर लावलेला आहे, तीन रंगांत.

खरी कडी मागच्या सीटच्या पाठीत होती, एका छोट्या झाकणाखाली, आणि झाकणावर जहाजाच्या नांगराचं चित्र होतं. मर्लबाईंनी पट्टा तिथे अडकवला, सीटचा पट्टा करकचून ओढला आणि मग खुर्ची धरून इतक्या जोरात हलवली की अख्खी गाडी हलली. खुर्ची हलली नाही.

नंतर त्या पाचव्या गाडीकडे गेल्या. मग सहाव्या. नियमाप्रमाणे मी त्यांना थांबवायला हवं होतं. पत्राची प्रत माझ्या पर्समध्येच होती. पण हातात विनी होती. शेवटी मोजलं तेव्हा एकोणीस खुर्च्यांपैकी आठ हलल्या होत्या. एक मुख्याध्यापिकांच्या नातवाची होती.

"विम्याचं काय पण, मर्ल?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"त्यालाही बांध कशालातरी," मर्लबाई म्हणाल्या आणि सातवीकडे वळल्या.

वार्षिक अहवालात सप्ताह यशस्वी झाल्याची नोंद आहे. (जखमी : एक. वॉम्बॅट. घाबरून खाली बसताना गुडघा मुरगळला.) मी तक्त्यात एक रकाना वाढवला आहे. मर्लबाईंना दुसरं पत्र लिहिलं, त्यात 'तथापि' नव्हतं. रोज सकाळी विनी बसायच्या आधी मी खुर्ची हलवते. विनी घड्याळ बघते आणि म्हणते, "मम, झालं ना? उशीर होतोय."

तुम्ही इथपर्यंत वाचलंत. हेडी नावाच्या कुणा अतिशहाण्या बाईला दोनचार ठिकाणी हसलात. आपल्या गाडीचं आठवलं असेल, आणि मनात म्हणाला असाल, बघू हं सावकाश.

अगदी असंच म्हटलं होतं मी. फेब्रुवारीत, मंगळवारी. त्यानंतर मे महिन्यापर्यंत विनी रोज दोनदा त्या तीन किलोच्या हुकाच्या भरवशावर बसली.

तेव्हा हे खाली ठेवा आणि गाडीपाशी जाऊन या. मागे तुमचं जे कोणी बसतं, त्याची खुर्ची दोन्ही हातांनी धरून हलवा. आणि ते खुर्चीत बसतच नसेल, कुणाच्या तरी मांडीवर बसत असेल, तर ती मांडी कशाला बांधली आहे, तेवढं बघून या.