तिखटाचा पंखा आणि वन्संची बॅग

एक होता तिखटाचा गिरणीवाला, एक होती त्याची बायको, आणि दोघांच्या डोक्यावर एक होती नणंद, दोन दिवसांसाठी आलेली. ते दोन दिवस काही केल्या संपेनात. गिरणीवाल्याला सगळे एकदमराव म्हणत, कारण आधी विचार करावा हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. (सांगितलं असेलही, पुरतं ऐकायला तो थांबला नसेल.)

पुढे गिरणी, मागे घर, मधे एक दार. बायको सकाळी मिरच्या दळी, दुपारी वन्संना चहा देई, संध्याकाळी वन्संची कंबर चोळी. स्वतःच्या कमरेची चौकशी करायला तिला सवड नव्हती. तिला सोनंनाणं नको होतं. एक दुपार आडवं व्हायला मिळावं, एवढंच. पण घरात खाट एकच, आणि खाटेवर वन्सं.

त्यात गिरणीची मोटर सिंगल फेजची. जरा जास्त मिरची पडली की कण्हायची, तापायची. (घरात आणखीही एक तशीच होती, पण तिच्याकडे कोण बघतो!) एकदमरावाने एकदम ठरवलं, थ्री फेज घ्यायची.

"त्यानं काय होतं?" बायकोने विचारलं.

"तिप्पट उजेड पडतो!"

जोडणीला आलेला वायरमन हसला. "उजेडाचं नाही हो, वहिनी. पाळण्याला एकटीच बाई झोका देत असली, तर दोन झोक्यांच्या मधे जोर खंडतो ना? ती सिंगल फेज. तिघी पाळीपाळीने देत राहिल्या की जोर खंडत नाही. ती थ्री फेज. मोठी मोटर मग कण्हत नाही."

"म्हणजे या घरात मी सिंगल," बायको म्हणाली.

"चहा ठेवलास का गं?" खाटेवरून आवाज आला.

वायरमनने नवी मोटर जोडली. तिखटाची धूळ बाहेर फेकणारा भिंतीतला पंखाही थ्री फेजचाच होता. "तो जेवून आल्यावर जोडतो. तोवर हात लावू नका," असं बजावून तो गेला. एकदमरावाला असं सांगणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवणं!

तीन वायरी, तीन जागा. चुकायला आहे काय? एकदमरावाने पंखा जोडला, मिरच्या ओतल्या आणि बटण दाबलं.

पंखा उलटा फिरला. बाहेर जायची धूळ आत आली, मधल्या दारातून घरात शिरली आणि पाहुणचाराला थेट खाटेवर पोचली.

"आऽक्छी! बंद कर मेल्या!"

"अक्का, थ्री फेज आहे! जोर बघ जोर!"

"माझा जीव चाललाय आणि तू जोर कसला... आऽक्छी!"

तोंडाला पदर लावून बायको धावली आणि तिने मेन स्विच पाडला. तोवर वन्संनी नाक पुसत बॅग भरायला घेतली होती. "माझ्यासाठी गाडी बघ. इथं माणूस राहील का?" (बायको इतके दिवस हेच विचारत होती, मनातल्या मनात.)

वायरमन आला तेव्हा दारातून गाडी निघत होती. त्याने पंखा बघितला, त्याच्या दोन वायरींची अदलाबदल केली. "थ्री फेजचं असंच असतं. कुठल्याही दोन बदलल्या की फिरणं उलटं." पंखा सुलट फिरला, मोटर न कण्हता चालली, आणि त्या घराचं दैव उघडलं: बायको भर दुपारी खाटेवर आडवी झाली.

डोळे मिटूनच तिने विचारलं, "भाऊ, पंखा हवा तेव्हा उलटा फिरवायचं बटण मिळतं का हो? वन्सं परत येते म्हणाल्यात."

"मिळतं की," वायरमन हत्यारं गोळा करत म्हणाला. "पण उगाच खर्च कशाला, वहिनी? पाहुणे दिसले की यांना पंखा जोडायला सांगायचं."