मोरीतल्या माहेरवाशिणी

आमच्या मोरीत माश्या बाळंतपणाला येतात, कारण ते त्यांचं माहेर आहे.

सुरुवातीला आम्ही त्यांना ओळखलं नाही, हे खरं. आमचे हे म्हणाले, चिलटं आहेत, केळी झाकून ठेव. केळी झाकली, मग आणायचीच बंद केली, तरी रोज सकाळी मोरीच्या भिंतीवर त्या हजर. नीट पाहिलं तर अंगभर लव, पंख कौलांसारखे उतरते आणि उडायचा मनस्वी कंटाळा. हटकलं की हातभर उडायचं आणि पुन्हा तिथंच बसायचं. शेवटी मी मोरीच्या जाळीवर चिकटपट्टी लावून ठेवली, चिकट बाजू खाली. सकाळी तिला खालून एक माशी चिकटलेली होती.

"कुठून आलीस गं?" मी विचारलं.

"येतेय कुठून? मी इथलीच," ती म्हणाली. "आधी पाय सोडवा. पोटुशी आहे मी."

चिलटं म्हटल्याचा तिला राग आला होता. "चिलटं फळांवर बसतात. आम्ही मोरीतल्या. पाइपाला आतून बुळबुळीत थर धरलाय ना, त्यात माझा जन्म. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, म्हणून आले."

मी यावर काही बोलणार, तेवढ्यात सासूबाई हळदकुंकवाचा करंडा घेऊन आल्याच. पोटुशी हा शब्द त्यांना देवघरातूनही ऐकू जातो. त्यांनी तिला कुंकू टेकवलं आणि एक तांदूळ व खणाचा एक दोरा घालून तिची ओटी भरली.

"अहो आई, माशी आहे ती!"

"असू दे की. गरोदर बाईला दारातून रिकामी धाडायची का?"

झालं! ओटी भरली म्हणजे घरची लेक झाली. दुपारपर्यंत भिंतीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. सगळ्या पोटुश्या आणि सगळ्यांचं पहिलंच.

एरवी मी कानाडोळा केला असता. पण माझी केतकी बार्शीहून पहिल्या बाळंतपणाला यायची होती. तिच्या सासूनं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "मोरी स्वच्छ असेल तरच पाठवते, नाहीतर इथंच करतो सगळं." माझी एकुलती एक पोर. तिचं बाळंतपण माझ्या हातून व्हावं, तिच्या बाळाला मी माझ्या पायांवर घेऊन न्हाऊ घालावं, एवढीच माझी इच्छा होती. माश्या राहिल्या तर केतकी नाही, हे मला कळून चुकलं आणि मी पदर खोचला.

ह्यांनी फवारा आणला. सासूबाई मोरीच्या दारात आडव्या झाल्या. माहेरवाशिणीवर फवारा मारलेला त्यांच्या सात पिढ्यांत कुणी ऐकला नव्हता. मलाही तो नकोच होता, कारण फवाऱ्यानं भिंतीवरच्या मरतात, पाइपातल्या आरामात राहतात. मी फवारा ह्यांच्याकडे परत दिला, मोरीत पाट मांडून बसले आणि त्यांच्यातल्या थोरलीला पुढं बोलावलं.

"माहेर तुमचं आहे, मान्य," मी म्हणाले. "पण सव्वा महिना झाला की लेक बाळाला घेऊन सासरी जाते. तुम्हाला बाळंत होऊन किती दिवस झाले?"

भिंतीवर चुळबुळ झाली. सव्वा महिना केव्हाच उलटला होता.

"सासर म्हणजे इमारतीमागचं गटाराचं चेंबर," थोरली म्हणाली. "सासवा फार आहेत तिथं."

"सासवा कुणाला चुकल्यात?" मी म्हणाले. माझ्या सासूबाईंनी हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

थोरलीनं बाकीच्यांशी बराच वेळ विचारविनिमय केला. मग म्हणाली, "जातो. लेकरं घेऊन जातो. पण या घरातल्या लेकींना नियम एकच हवा. तुमची येईल, तिलाही सव्वा महिना. ती जास्त राहिली, तर आम्हीही परत येणार."

"कबूल," मी म्हणाले. त्यात काय अवघड होतं?

त्या गेल्या. मी जाळी उचकटली, लांब दांड्याच्या ब्रशानं पाइप आतून खरवडला, सोडा घातला, व्हिनेगर ओतलं, वरून कढत पाणी. तो काळा, बुळबुळीत थर धुऊन जाईपर्यंत रोज हेच. दंड भरून आले, पण मी सोडलं नाही. मोरी इतकी कोरडी ठेवली की ह्यांना पाय धुवायला गच्चीवर जावं लागे. पुन्हा लावलेली चिकटपट्टी सकाळी कोरी निघाली, तेव्हा मी बार्शीला फोन केला.

केतकी आली. मुलगी झाली. त्याच मोरीत मी नातीला पायांवर पालथी घेऊन तेल चोळलं, ऊन पाणी घातलं आणि ती रडून रडून लाल झाली की मलाच हसू यायचं. इतकी सुखी मी कधी नव्हते. दिवस कसे गेले, कळलंच नाही.

सव्वा महिना भरला. जावई खाली गाडी घेऊन आले. केतकीची बॅग दारात, बाळ दुपट्यात. आणि जिन्याच्या भिंतीवर, वरच्या मजल्यापर्यंत, त्या सगळ्या बसलेल्या. थोरली सगळ्यांत पुढं.

केतकीनं मला वाकून नमस्कार केला आणि ती उठलीच नाही. तिथंच बसून म्हणाली, "आई, अजून आठ दिवस राहू? भीती वाटते गं मला तिथं एकटीनं हिला न्हाऊ घालायची."

थोरली माझ्याकडे पाहत होती. माझे दंड अजून दुखत होते.

"राहा," मी म्हणाले.

ह्यांनी बॅग उचलून आत नेली. मी दारातून बाजूला झाले. माश्या एकेक करून, पाय वाजू न देता, मोरीकडे निघाल्या. सासूबाई करंडा घ्यायला देवघरात गेल्या.