टाकी एक, नळ हजार

संध्याकाळी सहाला दहा मिनिटं असली की पुंडलिककाका दिग्रसच्या आमच्या गल्लीत दारोदार फिरायचे आणि लोकांना मोबाइलचं इंटरनेट बंद करायला सांगायचे. सांगायचे कसले, दटावायचे!

"टिल्लू कोणं लावला बे?" ही त्यांची आरोळी. नळाला चोरून टिल्लू पंप लावणाऱ्यांना त्यांनी तीस वर्षं असंच पकडलं. काका नगरपालिकेत पाण्याचे व्हॉल्व्ह सोडायचे. स्वतः निवृत्त झाले, पण डोक्यातला व्हॉल्व्ह काही निवृत्त झाला नाही. मोबाइलचा टॉवर ही त्यांच्या लेखी पाण्याची टाकीच. "टाकी एक, नळ हजार. सारे संगं सोडसान तं धार कुठून येईन?"

शास्त्र चुकीचं नाही, हे मी विज्ञानाचा मास्तर म्हणून कबूल करतो. पण माणूस महाहट्टी. दिवसाला मिळणारा दीड जीबी ते हंड्यासारखा झाकून ठेवायचे. दिवसभर डेटा बंद, तो सुरू व्हायचा फक्त संध्याकाळी सहाच्या नागपूरच्या व्हिडिओ कॉलला. सकाळी आलेलं 'शुभ सकाळ' ते दिवेलागणीला बघायचे आणि लगेच 'शुभ सकाळ' म्हणून उलट पाठवायचे. एकदा म्हटलं, फायबर घ्या, तर अंगावरच आले. "त्याले मर्यादाच नाई म्हणता? मंग ते फुटलेली पाइपलाइन झाली, मास्तर. मी नाई घेत."

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी क्रिकेटचा सामना रंगात आला होता. मी मोबाइलवर बघत होतो. काका थेट घरात. "मास्तर, तुमीच टिल्लू लावला काय?"

माझंही डोकं फिरलं. "काका, डेटा माझा आहे. आणि तुम्हाला बोलायचंच आहे ना? मग साधा फोन लावा की!"

काकांनी आपला मोबाइल पुढे केला. पडद्यावर सात-आठ वर्षांची मुलगी, दोन्ही हात हवेत, तशीच अडकलेली.

"नात हाय, जुई. नागपूरले राह्यते. जन्मापासून ऐकू येत नाई तिले, हातानंच बोलते. चित्र अडकलं का तिचा शब्दच अडकते. मले वाटते भूक लागली म्हणते, अन् ती सांगत असते शाळेत पहिली आली. चिडते मंग. काल मायले म्हणे, आबाले फोन नको लावू."

माझी मलाच लाज वाटली. सामना बंद केला आणि त्यांच्याच भाषेत सांगितलं, "काका, फायबर म्हणजे चौकातला नळ नाही. तुमच्या घरापर्यंत आणलेली वेगळी लाइन. गल्लीनं कितीही टिल्लू लावले तरी तुमची धार तीच."

"असं हाय काय! मंग आधी काहून नाई सांगतलं?"

आठवड्यात वायर आली. काकांनी ती खांबापासून खोलीपर्यंत हात फिरवून तपासली, कुठे गळत तर नाही ना म्हणून.

सहा वाजता जुई दिसली. तिचे हात भराभर चालले, एकदाही अडकले नाहीत. ज्यांची आरोळी तीन गल्ल्यांत पोचते, ते काका व्हॉल्व्ह फिरवून राठ झालेल्या बोटांनी तिला सावकाश उत्तरं देत होते. तोंडातून शब्द नाही. मग ती हसून खाली बघून लिहायला लागली. काका मात्र मोबाइलसमोर तसेच बसून.

"झालं ना बोलून? आता बंद करा," मी सवयीनं म्हणालो.

"राहू द्या, मास्तर. अभ्यास करून राह्यली ते. मधात मान वर करते. तवा मी दिसलो पाह्यजे."