युरोपचा डावा बॅक

ज्या वादाचा निकाल लागू शकतो तो वाद फार दिवस टिकत नाही, आणि ज्या संस्थेचं काम संपू शकतं ती संस्थाही टिकत नाही. मोंतेविदेओतल्या सेर्रो वस्तीत आमच्या क्लबाचं आंतरखंडीय निवड मंडळ बासष्ट वर्षं टिकलं आहे, यावरून संस्थापकांची दूरदृष्टी ध्यानात यावी. १९६१ च्या मार्चमध्ये मंडळापुढे एकच प्रश्न होता: दक्षिण अमेरिकेचा आजवरचा सर्वोत्तम संघ आणि युरोपचा आजवरचा सर्वोत्तम संघ एकमेकांशी खेळले, तर कोण जिंकेल? संस्थापकांच्या अंदाजानं हा प्रश्न एका जेवणात सुटणार होता.

जेवण एकोणतीस तारखेचं होतं. आमच्याकडे दर महिन्याच्या एकोणतीसला घरोघर न्योकी करतात, म्हणजे उकडलेल्या बटाट्याचे बोटभर गोळे, टोमॅटोच्या रस्स्यात. खाताना ताटलीखाली एक नोट ठेवायची, की पुढचा महिना बरा जातो. (बरा गेल्याची नोंद माझ्याकडे नाही, पण मी फक्त इतिवृत्त लिहिते.) मंडळाची सभा तेव्हापासून एकोणतीसच्याच दुपारी भरते. फेब्रुवारीला तीन वर्षं ती तारीख येत नाही, त्यामुळे तीन वर्षं फेब्रुवारीत फुटबॉल होत नाही. चौथ्या वर्षी होतं, आणि त्या वर्षी खेळाडू ताजेतवाने दिसतात असं सगळ्यांचं मत आहे.

आजवर या जेवणाच्या टेबलावर सहाशे अठ्ठ्याण्णव सामने झाले. त्यांतले सहाशे सत्त्याण्णव दक्षिण अमेरिकेनं जिंकले. एक बरोबरीत सुटला (ऑगस्ट १९७८, दाट धुकं. धुकं क्लबाबाहेर होतं, पण परिणाम झालाच). एवढे निःसंदिग्ध आकडे हाती असताना मंडळानं प्रश्न अजून निकाली काढलेला नाही, ही गोष्ट त्याच्या निःपक्षपातीपणाला शोभणारी आहे.

मी आधी फक्त न्योकी करत असे. पुढे अक्षर बरं म्हणून इतिवृत्त माझ्याकडे आलं. माझा नवरा काझिस युरोपचा निवडकर्ता होता. तो १९८३ मध्ये गेला, तेव्हा युरोपही माझ्याकडे आला, कारण तो दुसऱ्या कुणाला नको होता. हरणारा संघ निवडायला डोकं लागतं. जिंकणारा संघ कुणीही निवडतो.

नियमावलीत अकरा कलमं आहेत. (जास्त सुचली होती, पण एका वेळी अकराच मैदानात असावीत असं ठरलं.) सगळी सांगत नाही. कलम एक असं की खेळाडू मेलेला हवा. जिवंत खेळाडूचा भरवसा नाही. आज गोल मारतो, उद्या दूरचित्रवाणीवर दाढीचा साबण विकतो. कलम तीन: खेळाडूला किमान दोन माणसांनी प्रत्यक्ष पाहिलेलं असावं. रेडिओवर ऐकलेला खेळाडू अर्धा पाहिलेला धरावा. कलम चार: दक्षिण अमेरिकेच्या संघात दहा उरुग्वेचे आणि एक ब्राझीलचा, म्हणजे आम्ही कोत्या मनाचे आहोत असं कुणी म्हणायला नको. अर्जेंटिनाच्या खेळाडूंना राखीव म्हणून सन्मानानं घ्यावं. राखीव खेळाडू मैदानात उतरवता येणार नाही. कलम सहाप्रमाणे सदस्य मेला तरी त्याचं मत राहतं; तो जिवंतपणी जसं द्यायचा तसं मोजावं. आणि कलम नऊ: युरोपचा संघ बोटीनंच येईल, आणि बंदरावर त्यातल्या कुणाच्याही डोळ्यांची तपासणी होणार नाही. हे काझिसनं घालून घेतलं. बदल्यात त्यानं कलम चार बिनतक्रार मान्य केलं. नवाचा अर्थ कुणी विचारला नाही. सगळ्यांच्या तोंडात न्योकी होत्या.

संघांबद्दल काय सांगू? दक्षिण अमेरिकेचा गोलकीपर बाल्दोमेरो इतुआर्ते. त्याची ओळख वाचकांना करून द्यायला नको. ते रुंद तळवे आणि तळव्यांना कायम लागलेली ती पांढरी पूड कोण विसरेल? युरोपकडे मधल्या फळीत इटलीचा ब्रुस्काती आहे. तो बोटीवर आजारी पडतो, त्यामुळे पहिली वीस मिनिटं त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवत नाहीत. डावा बॅक लिथुआनियाचा योनास गिर्दाउस्कास. पहिल्या सामन्यापासून आजपर्यंत एकही सामना न चुकवलेला तो एकटाच आहे.

इथे आमच्या वस्तीचा एक गुण नोंदवणं भाग आहे. सेर्रोतला पुरुष लग्नाचा वाढदिवस विसरलो असं चारचौघांत सांगेल, पण अमुक खेळाडू मी पाहिलेला नाही असं मरेपर्यंत म्हणणार नाही. पहिल्या सभेत काझिसनं गिर्दाउस्कासचं नाव घेतलं, तेव्हा टेबलावर काटे थांबले होते. मग वॉशिंग्टन पेरेयरा, तेव्हाचा सव्वीस वर्षांचा न्हावी आणि आताचा अठ्ठ्याऐंशी वर्षांचा अध्यक्ष, म्हणाला, "गिर्दाउस्कास! त्याला कोण ओळखत नाही?" झालं. सगळ्यांनी माना हलवल्या. एप्रिलमध्ये नेल्सन गोयेनेचेनं त्याला रेडिओवर ऐकलेलं होतं. जुलैपर्यंत त्यानं त्याला डोळ्यांनी पाहिलेलं होतं. पुढच्या वर्षी नेल्सनच्या गुडघ्यावरची खूण त्याचीच निघाली.

असं सगळं सुरळीत चाललं असताना गेल्या वर्षी मंडळात विल्मार आला. वय एकसष्ट, निवृत्त गणिताचा मास्तर. तरुण रक्त हवं म्हणून आम्हीच त्याला घेतलं. माते या आमच्या कडू चहाच्या गरम पाण्याचा थर्मास काखेत, सगळ्यांसारखाच. पण दुसऱ्या हातात फोन.

या मार्चच्या एकोणतीसला त्यानं फोन ताटलीशेजारी ठेवला आणि माझ्याकडे वळून घसा साफ केला. (आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला आदरानं दोन्या म्हणतात.)

"दोन्या दानुता, रागावू नका. तुमचा डावा बॅक नाहीये."

"नाहीये म्हणजे?" नेल्सन म्हणाला. "लागलंय त्याला?"

"नाहीये म्हणजे नाहीच. असा माणूस कुठल्या संघात खेळलेलाच नाही. कौनास, विल्नियस, रीगा, मी सगळे संघ तपासले. तीन आठवडे लागले मला."

"मास्तर, तुझ्या फोनला बासष्ट साली गुडघा होता का? मला होता. हा बघ." नेल्सननं खुर्चीतच पाय वर घेऊन विजार गुडघ्यापर्यंत ओढली.

"तुम्ही त्याच्याविरुद्ध खेळलात?"

"खेळलो कशाला? प्रेक्षकांत होतो."

"मग गुडघ्याला कसं लागलं?"

"अरे, तो रेषेबाहेर आला ना! जीव तोडून खेळायचा."

"जाड्या, पाय खाली घे. लोक जेवताहेत," वॉशिंग्टन म्हणाला.

विल्मार गणिताचा माणूस. त्याचा ठराव लेखी होता. कलम तीनप्रमाणे पुरावा नाही. कलम एकप्रमाणे खेळाडू मेलेला हवा, तर हा जन्मल्याचाच दाखला नाही. म्हणून गिर्दाउस्कासचं नाव मागच्या सर्व सामन्यांतून खोडावं आणि त्या जागी एक ऑस्ट्रियन घ्यावा. ऑस्ट्रियनचा फोटो त्यानं आम्हाला दाखवला. देखणा होता. त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

लेखी ठरावावर सभा उठण्याआधी मत घ्यावंच लागतं (कलम दहा). माझ्या हातात वही होती आणि वहीत ते नाव खोडायचं तर मलाच खोडावं लागणार होतं.

आता वाचकांना खरं सांगते. विल्मारचं बरोबर होतं.

१९३० मध्ये काझिस आई-बापांबरोबर लिथुआनियातून इकडे यायला निघाला, तेव्हा आठ वर्षांचा होता. धाकटा भाऊ योनास सहा वर्षांचा. बोटीवर चढण्याआधी बंदरावर डॉक्टर पापण्या उलट्या करून डोळे बघायचा. योनासचे डोळे लाल निघाले. तिकिटं तर काढलेली. आजी त्याला परत गावी घेऊन गेली, पुढच्या वर्षी पाठवते म्हणाली. पुढच्या वर्षी काही ना काही निघालं, त्याच्या पुढच्या वर्षीही निघालं. एक्केचाळीसपर्यंत पत्रं आली, मग तीही नाहीत. घरामागच्या अंगणात दोघं भाऊ चिंध्यांच्या चेंडूनं खेळायचे. योनास नेहमी डावीकडे उभा राहायचा, कारण डावीकडे विहीर होती आणि चेंडू विहिरीत जाऊ न देणं हे त्याचं काम होतं.

काझिसनं त्याला आईचं माहेरचं आडनाव दिलं आणि युरोपचा डावा बॅक केलं. मेलेल्यांच्या संघात. त्या दिवसापर्यंत आमच्या घरात योनास मेला असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या दिवसानंतर मात्र तो दर एकोणतीसला बोटीतून उतरायचा आणि काझिस जेवताना दाराकडे तोंड करून बसायचा. हे त्यानं मला एकटीला सांगितलं होतं, निदान माझी तशी समजूत होती. चाळीस वर्षं मी संघ निवडत आले. ब्रुस्कातीला दोनदा वगळलं, डाव्या बॅकला कधी हात लावला नाही. आणि या दोन म्हाताऱ्यांना (तेव्हा सात होते) आपण कसं बनवलं, म्हणून मनातल्या मनात हसतही आले. तेही कबूल करते.

"दोन्या दानुता," विल्मार हळूच म्हणाला, "निवडकर्त्या तुम्ही आहात. तुम्ही सांगा. पाहिलंय का कुणी त्याला?"

मी काटा खाली ठेवला. खोटं बोलायला मला हरकत नव्हती. पण काझिसची खुर्ची समोरच असते, कलम सहामुळे.

"मी पाहिलाय," वॉशिंग्टन म्हणाला.

तो न्योकीच खात होता. मान वर केली नाही.

"पुष्कळ डावे बॅक पाहिले मी. गोल वाचवणारे होते. पण चेंडू विहिरीत जाऊ नये म्हणून खेळणारा हा एकच."

"विहिरीत?" विल्मार म्हणाला. "मैदानात विहीर कुठली?"

"काही मैदानांत असते," वॉशिंग्टन म्हणाला. मग त्यानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. "न्हाव्याच्या खुर्चीत माणूस डोळे मिटून बसतो, दानुता. डोळे मिटल्यावर माणसं बोलतात. आणि कलम नऊ काय मी उगाच मान्य केलं होतं? ते अक्षर कुणाचं आहे बघ."

मी वही मागे उलटली. साठेक वर्षं मी ती सांभाळते आहे, पण नियमांचं अक्षर कुणाचं हे कधी पाहिलं नव्हतं. कलम नऊ काझिसच्या अक्षरात नव्हतं. वॉशिंग्टनच्या होतं.

मतदान झालं. मयत सदस्य सहा. ते डाव्या बॅकबद्दल जिवंतपणी जे म्हणायचे तेच म्हणाले. काझिसचं मत मी सगळ्यांत आधी मोजलं. नेल्सननं मत देताना गुडघ्यावर हात ठेवला. (त्याला खरं काय ते माहीत आहे, का असा खेळाडू होता असं तो मनापासून मानतो, हे मला आजही सांगता येणार नाही. विचारणारही नाही.) राहिला विल्मार. तो वहीकडे बघत होता, माझ्याकडे नाही. मग त्यानं फोन पालथा घातला.

"आता आठवतंय. माझे वडील बोलायचे त्याच्याबद्दल."

"काय बोलायचे?" वॉशिंग्टननं विचारलं.

मास्तरनं आयुष्यभर फळ्यावर खरं लिहिलेलं. त्याचे कान लाल झाले. "हवेतल्या चेंडूला... डोकं चांगलं होतं म्हणे."

"हॅ!" नेल्सन उसळला. "डोक्यानं कच्चा होता! तुझे वडील दुसऱ्या कुणाला बघत असतील. डोकं म्हणे!"

त्यावर पाऊण तास वाद झाला. मी आणखी एक ताटली न्योकी आणली.

सहाशे अठ्ठ्याण्णवावा सामना दक्षिण अमेरिकेनं दोन-एकनं जिंकला. इतिवृत्तात मी एवढंच लिहिलं आहे: बोट वेळेवर आली. बंदरावर कुणाला अडवलं नाही. डावा बॅक चांगला खेळला. हवेतल्या चेंडूबाबत मतभेद.

आता तुम्हाला वाटेल, काय ही माणसं! कुणी ऐटीत एक नाव घ्यावं आणि यांनी मान हलवावी. माहीत नाही म्हणायची एवढी कसली लाज?

बरोबर आहे तुमचं. फक्त जरा मागे जा, मी बाल्दोमेरो इतुआर्तेचं नाव घेतलं तिथपर्यंत. थांबलात तिथे? कोण हा, असं विचारलंत? की ते रुंद तळवे आणि ती पांढरी पूड तुमच्या डोळ्यांपुढे आली आणि तुम्ही पुढे वाचत गेलात?

बाल्दोमेरो आमच्या गल्लीत पाव भाजून घरोघर घालायचा. ती पूड मैद्याची. आयुष्यात त्यानं फुटबॉलला पाय लावला नाही, हातही नाही. काझिस गेला त्यानंतर वर्षभर तो रोज माझ्या दारात एक पाव जास्त ठेवायचा, आणि मी हटकलं की म्हणायचा, "मोजताना चुकलो, दोन्या दानुता." तो गेल्यावर एका एकोणतीसला मी त्याचं नाव गोलमध्ये लिहिलं. पुढच्या महिन्यात नेल्सननं त्याचा एक झेल सविस्तर सांगितला.

कलम तीनप्रमाणे साक्षीदार दोन लागतात. एक नेल्सन होता. दुसरे तुम्ही.