पेडणेकरांचे नारळ

आमच्या इमारतीत पेडणेकरांच्या दाराला बेल नव्हती. एक पाटी होती. पाटीच्या एका बाजूला ‘लोड होत आहे, दार वाजवू नये’ असं लिहिलेलं, आणि दुसऱ्या बाजूला ‘लोड झाले, या’. वसईत नव्याने राहायला आलेल्या माणसाला वाटायचं, इथे ट्रकवर माल चढवणारा कुणी कंत्राटदार राहतो. मग दाराआडून तो आवाज यायचा. आधी लांबलचक ‘पीऽऽऽ’, आणि मागून पत्र्यावर खडे ओतल्यासारखं ‘खर्रर्रर्र’. नवा भाडेकरू घाबरून मला विचारायचा, “मास्तर, आत नक्की काय चालतं?”

आत एक कॉम्प्युटर गेम टेपच्या कॅसेटवरून यंत्रात चढत असायचा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाक्यावर सायबर कॅफे उघडला होता, पोरं तिथे रंगीत मोटारी पळवत होती. आणि पेडणेकर त्यांच्या एका खोलीत मागे मागे चालले होते. पूर्वी ते ऑफिसांमधले कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होते. कंपनी बंद पडली, जुनी यंत्रं भंगारात गेली, आणि ती भंगारात गेली हे पेडणेकरांना मान्य झालं नाही. म्हणून ते एक एक चिप, एक एक बटण जमवून तसंच यंत्र घरी पुन्हा बांधत होते. पडद्याच्या जागी काळापांढरा छोटा टीव्ही, आणि शेजारी टेपरेकॉर्डर. त्यावर कधी कुणी गाणं ऐकलं नाही.

“मूळ म्हणजे मूळ!” हा त्यांचा मंत्र. नालासोपाऱ्याचा भंगारवाला त्यांना ‘बटनवाले अंकल’ म्हणायचा. एकदा त्याने बिचाऱ्याने कोरा करकरीत कीबोर्ड काढून ठेवला. पेडणेकरांनी एक बटण दाबलं, कान लावला आणि परत दिला.

“काय झालं?” मी विचारलं.

“आवाज नवश्रीमंत आहे.”

माझ्या एका विद्यार्थ्याने त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितलं की हे सगळे जुने गेम आता नव्या कॉम्प्युटरवर जसेच्या तसे चालतात, एवढा खटाटोप कशाला? पेडणेकरांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. “बाळा, फोटोतल्या आंब्याला वास येतो का रे?”

आमच्या घराशी त्यांचं वैर होतं ते मिक्सरवरून. एकाच जिन्यावरची लाइन. त्यांचं लोडिंग शेवटाला आलं की नेमकी सुनंदा, म्हणजे माझी बायको, चटणी वाटायला घ्यायची. मिक्सर घुर्रकन फिरला की तिकडे टीव्हीवर मुंग्या, आणि लोडिंग पुन्हा पहिल्यापासून. पहिल्यांदा असं झालं तेव्हा ते दारात येऊन उभे राहिले. रागावले नव्हते. सुतकात असावेत तसे दिसत होते.

“वहिनी, चटणी झाली?”

“झाली की.”

“माझं सगळं गेलं.”

सुनंदाला इतकं वाईट वाटलं की तिने त्यांना बसवून इडल्या वाढल्या. त्यांनी चार खाल्ल्या, आणि जाताना म्हणाले, “चटणी उत्तम. पण वेळ चुकली.” तेव्हापासून ती मिक्सर लावण्याआधी गॅलरीतून ओरडायची, “भावजी, लावू का?” आणि आतून उत्तर यायचं, “दोन मिनिटं! शेवटचा तुकडा येतोय!” कधी सगळं जुळून यायचं, मिक्सरही शांत असायचा, आणि लाइट जायचे. मग पेडणेकर अंधारात दार उघडून सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणायचे, “इथे लोड, तिथे शेडिंग!”

या सगळ्या यंत्रावर चालायचा गेम मात्र एकच. त्याचं नाव ‘नारळ’. उभ्या रेघांचं झाड. वरून इंग्रजी ‘ओ’ पडायचा, तो नारळ. खाली इंग्रजी ‘यू’ सरकायचा, ती टोपली. दहा नारळ झेलले की जिंकलात. एवढंच. तो खेळून बघायचं काम माझं.

“मीच का?” मी एकदा विचारलं.

“तुमची बोटं अगदी सरासरी आहेत, मास्तर. तुम्हाला जमलं म्हणजे कुणालाही जमेल.”

मला जमायचं नाही. पाचव्या नारळानंतर ते असे धडाधड पडायचे की आमच्या गिरीज गावच्या वाडीत वादळातसुद्धा पडत नसतील. मी म्हणायचो, जरा हळू करा की. त्यावर ते कानांवर हात ठेवायचे. “मूळ स्पीड आहे! तिला हात लावायचा नाही.”

एका रविवारी काय झालं कोण जाणे, माझे दहा नारळ झाले. यंत्रातून नुसतंच ‘बीप’ आलं. मी खुशीत त्यांच्याकडे पाहिलं, तर ते कपाळाला आठ्या घालून बसलेले.

“गेम मी आठवून पुन्हा लिहिला, पण इथे एक ट्यून होती. मला येत नाही. ती डिमेलोची.”

“डिमेलो कोण?”

ते सोल्डरिंग गन तापवायला लागले. तापल्यावर बोलले. बावतीस डिमेलो, गास गावचा. दोघे एकाच टेबलावर. ऑफिस सुटल्यावर कंपनीच्या यंत्रावर दोघांनी मिळून हा गेम लिहिला होता. झाड डिमेलोचं, कारण त्याच्या वाडीत नारळ. हिशेब पेडणेकरांचा. भांडायचे दिवसभर. एकदा डिमेलोने साहेबासमोर यांच्या कामातली चूक दाखवली.

“मग?”

“मग काय. बोलणं सोडलं.”

“चूक होती का पण?”

“होती ना!” पेडणेकर चिडून म्हणाले. “म्हणून तर सोडलं.”

आमच्या शाळेत गासच्या परेराबाई होत्या. मी सहज त्यांच्याकडे चौकशी केली. त्या म्हणाल्या, “बावतीस? आमच्या शेजारचाच. पॅरालिसिस झाला त्याला. एक बाजू गेली, वाचाही गेली. नुसता खिडकीत बसून असतो. त्याची बायको रोझी एकटी किती करणार?”

हे पेडणेकरांना कसं सांगावं कळेना. शेवटी दारातच सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “उजवी की डावी?”

“उजवी.”

त्यांनी दार लावून घेतलं. पुढे कित्येक दिवस पाटी उलटलीच नाही. आतून कानस घासल्याचे आवाज येत. सुनंदा मिक्सरचं विचारायची तर उत्तर येईना. मग एका शनिवारी ते आले. “मास्तर, उद्या गासला यायचंय. टीव्ही धरायला.”

रिक्षात माझ्या मांडीवर टीव्ही, त्यांच्या मांडीवर यंत्र, पायाशी टेपरेकॉर्डर. डिमेलोंच्या घरापुढे पोचलो तेव्हा लोक नुकते चर्चमधल्या मिस्साहून परतत होते. दार रोझीबाईंनी उघडलं. त्यांनी आधी टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पेडणेकरांकडे.

“आत्ता वाट सापडली होय तुला?”

पेडणेकर म्हणाले, “वहिनी, प्लगपॉइंट कुठाय?”

डिमेलो खिडकीशी खुर्चीत होते. उंचनिंच माणूस, पण एका बाजूने कलंडलेला. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि तोंड वाडीकडे फिरवलं. पेडणेकरांनी वायरी जोडल्या. यंत्राला डाव्या बाजूने एक नवाच दांडा लावलेला मला दिसला. दाराच्या कडीचा, घासून घासून गुळगुळीत केलेला. एका हाताने टोपली दोन्हीकडे नेता येईल असा. टेप सुरू झाली. ‘पीऽऽऽ’.

त्या आवाजाने डिमेलोंची मान हळूहळू वळली.

पेडणेकरांनी त्यांचा डावा हात उचलून दांड्यावर ठेवला. पहिला नारळ सुटला, आणि मी चकित झालो. तो पडत नव्हता, तरंगत होता. पिसासारखा येत होता.

“पेडणेकर, हे तर...” मी बोलायला गेलो. त्यांनी माझा पाय चपलेसकट दाबला.

पहिले दोन हुकले. तिसरा टोपलीत आला. रोझीबाई ओट्यावरचं काम टाकून दारात येऊन उभ्या राहिल्या. डिमेलोंच्या कपाळावर घाम आला, पण दांडा सोडेनात. दहावा झेलला. ‘बीप’. डिमेलोंनी भुवई वर केली.

“तुझी ट्यून मला आठवत नाही,” पेडणेकर म्हणाले.

डिमेलोंनी तोंड उघडलं. शब्द येईना. ते थांबले, डोळे मिटले, आणि गुणगुणायला लागले. वाकड्या ओठांतून, पण सुरात. एक छोटीशी नाचरी चाल. रोझीबाई मटकन बाकावर बसल्या. घरच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या, मला कळलं नाही. मग माझ्यासाठी म्हणाल्या, “आजारी पडल्यापासून आवाज ऐकला नव्हता हो याचा.”

पेडणेकर तिथेच जमिनीवर मांडी घालून सूर आकड्यांत टाइप करत बसले. चुकले की डिमेलो पुन्हा गुणगुणायचे. जमल्यावर यंत्राने ती चाल वाजवली, आणि डिमेलोंनी डावं बोट पडद्यावर टेकवलं. तरंगणाऱ्या नारळावर.

“ह... ळू.”

“मूळ स्पीड आहे,” पेडणेकर म्हणाले. पडद्याकडे बघत.

डिमेलोंचं अर्धं तोंड हसलं. “खो... टं.”

मला वाटलं, झालं, आता हे वायरी गुंडाळणार. पेडणेकरांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला. “हो, खोटं. चूक माझी,” ते म्हणाले. मग खूप हळू आवाजात, “तेव्हाचीही माझीच.”

डिमेलोंनी दांडा पुढे ढकलून खूण केली, लाव पुन्हा.

यंत्र तिथेच ठेवून आम्ही निघालो. रोझीबाईंनी केळ्यांचा घड दिला होता, तो परतीच्या रिक्षात पेडणेकरांच्या मांडीवर.

“पुढच्या रविवारी थोडा फास्ट करून मागितलाय त्याने,” ते म्हणाले.

“छानच की.”

“मास्तर, तुम्ही सगळे फार चांगले आहात हो. वहिनी इडल्या देतात, तुम्ही बिचारे खेळता.” ते घडातलं एक केळं उगाच पिरगाळत राहिले. “पण इतक्या वर्षांत माझी चूक त्याच्याशिवाय कुणाला कळलीच नाही.”

केळं तुटून हातात आलं. ते त्यांनी मला दिलं, आणि दुसरं स्वतःसाठी सोललं.