सातवी पास, आठवी लेव्हल

कारखान्याच्या कॉलनीतली चार पोरं दर शनिवारी दुपारी मोबाइलमधल्या गेममध्ये जायची आणि पाचच्या आत परत यायची. मोबाइल उशीला टेकवायचा, चपला बाहेर काढायच्या, मान जराशी वाकवायची की झालं. आयांची तक्रार एकच होती, तिकडची जांभळी माती फरशीवरून निघत नाही.

या शनिवारी सारिकाची ईश्वरी म्हणाली, "आई, आज आठवी लेव्हल. आज मुक्काम असतो."

दहा वर्षांच्या पोरीच्या तोंडून मुक्काम ऐकून सारिकानं हातातलं काम खाली ठेवलं.

"कुणाच्या घरी?"

"घर नसतं गं, गुहा असते."

"आणि गुहेत बाईमाणूस कोण?"

"चेटकीण आहे ना!"

"मग मी आधी बघून घेते," सारिका म्हणाली. तिनं पदर खोचला, लेकीच्या चपलांशेजारी आपल्या काढल्या आणि तिच्या पाठोपाठ आत शिरली.

फाटकावर चार हातांचा राक्षस बसला होता. एका हातात भाला, एकात रजिस्टर, एकात पेन, एकात चहाचा ग्लास.

"नाव?"

"सारिका संतोष गुरव."

"कितवी?"

"सातवी पास."

"मग सातव्या लेव्हलपर्यंत जाता येईल."

"अहो, पण माझी पोरगी आठवीला चाललीय!"

"लहानांचं खेळावर बघतो, मोठ्यांचं दाखल्यावर," राक्षस म्हणाला आणि त्यानं शिक्का मारला.

वाटेत नदी चढाकडं वाहत होती. सारिकानं पाय बुडवले तर पाणी घोट्यावरून पोटरीकडं चढायला लागलं. झाडांना पेटलेले कंदील लागले होते. तिनं एक हलवून बघितला, आत वात नव्हती.

"आई, चल ना! किती बघतेस!"

"अगं थांब, हा पिकलाय का कच्चा आहे?"

सातव्या लेव्हलच्या शेवटी लोखंडी दार होतं. ईश्वरीनं आईचा हात सोडला, दार तिच्यापुरतं उघडलं आणि मिटलं. अलीकडं कट्ट्यावर पाच-सहा बायका मेथी निवडत बसल्या होत्या.

"बसा ताई," एकीनं जागा केली. "आपल्याला इथपर्यंतच. उद्या सकाळी सोडतात पोरांना."

"आत काय आहे?"

"कुणाला ठाऊक! पोरं सांगतात तेवढंच."

सारिकानं दाराला कान लावला. आत कुणीतरी हसत होतं, की रडत होतं, नीट कळेना. ती काही बसली नाही. दारावरही तसाच एक राक्षस होता.

"मला आत जायचंय."

त्यानं रजिस्टर चाळलं. "सातवीनंतर शाळा का सोडली?"

"मी नाही सोडली. हायस्कूल ओढ्यापलीकडं होतं. पावसात पुलावरून पाणी जायचं, म्हणून घरच्यांनी पाठवलंच नाही."

राक्षसानं कारणाच्या रकान्यात 'पाणी' असं लिहिलं.

"इथं आठवीचा वर्ग दाराच्या आतच भरतो. प्रवेश घेणार? वय?"

"एकोणतीस."

"वर्गात सगळी लहान पोरं असतील."

"असू देत."

"मुक्काम करावा लागेल."

सारिका कट्ट्याकडं वळून म्हणाली, "ताई, जाताना एवढा निरोप द्याल का कारखान्याच्या कॉलनीत, गुरवांच्या घरी? म्हणावं, भाकरी दुरडीत आहेत, आमटी तेवढी गरम करून घ्या."

"देते की," मेथीवाली म्हणाली. "पण सकाळी आम्हाला सगळं सांगायचं हं!"

दार उघडलं. आत गुहेत पोरं तलवारी घेऊन ओळीनं उभी होती. ईश्वरीनं मागं वळून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"आई! तू इथं कशाला?"

"माझं नाव लागलंय."

"बरं. पण माझ्या टीममध्ये नको. आणि सगळ्यांसमोर माझी वेणी नीट करत बसू नकोस."

"नाही करत," सारिका म्हणाली आणि ओळीत सगळ्यात मागं उभी राहिली.

चेटकिणीनं चष्मा लावून हजेरी सुरू केली. ईश्वरीनंतर दोन नावं झाली.

"गुरव सारिका संतोष?"

"हजर," ती म्हणाली, जरा जास्तच मोठ्यानं.