दोन काट्यांचे दामूकाका

वटारचे दामूकाका केळी विकायला निघाले की स्वतःचा काटा पिशवीत घालून नेतात. व्यापाऱ्याने तोललेला घड पुन्हा स्वतः तोलतात. "एका काट्याचं मी ऐकत नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

केळ्यांपुरतं ठीक होतं. पण या माणसाने बायकोचं रक्तही दोन काट्यांवर घातलं आणि माझं डोकं फिरवलं.

मी तेव्हा वसईच्या एका लॅबमध्ये रक्त घेत असे. काकूंना हिपॅटायटिस सी, म्हणजे रक्तातून लागणारी कावीळ, तीही जुनी. इंजेक्शनं सुरू करण्याआधी रक्तात विषाणू किती आहेत ते डॉक्टरांना हवं होतं. आमच्याकडून नमुना मुंबईला गेला. आकडा आला सहा लाख. काकांनी मला न सांगता दुसऱ्या लॅबलाही नमुना दिला. तिथून आला चोवीस लाख.

झालं. दोन्ही कागद माझ्या टेबलावर आपटले. "बाय, रगत एकाच बाईचं. आठरा लाख वाटेत सांडले काय?"

"काका, दोन्ही बरोबर आहेत. मापं वेगळी आहेत."

"मंग आदी काटे जुळवा. तवर सुई नाय."

आणि खरंच दोन महिने सुई नाही. डॉक्टरांनी समजावलं, तर त्यांच्याशी भांडले. काकू म्हणाल्या, घेऊन टाकते, तर त्यांच्यावर ओरडले. मला काकांचा संताप येई, आणि माप मुंगीएवढ्या अक्षरांत छापणाऱ्या लॅबवाल्यांचाही. त्यात आम्हीही आलो.

शेवटी मी वटारला त्यांच्या वाडीत जाऊन उभी राहिले. "हा घड डझनावर किती? दहा. किलोवर? पंधरा. मग घड वाढला का?"

काकांनी घड हाताने चाचपला. "हे आदी बोलायचं व्हतं."

"दोन महिने दुसरं काय बोलतेय? बाईचा जीव आहे तो, केळी नव्हेत. कसला हा हट्ट?"

आता ओरडणार, म्हणून मी पदर खोचला. पण ते बांधावर बसले.

"धाकटी पोर झाली त्या बाळंतपनात हिला रगत चढवलं. डाक्टर बोलला, एक बाटली बास. मी आयकलं नाय. कमी पडायला नको, दोन लावा. भांडून लावली."

माझा राग कुठल्या कुठे गेला.

"सुईला उद्या आनतो तिला," ते म्हणाले. मग, "तुमच्या मशिनीत कळतं का गं, रोग कोनत्या बाटलीतून आला?"

"नाही कळत, काका."

ते बांधावरून उठेनात.

"पहिल्या बाटलीतून," मी ठणकावून सांगितलं.